वेगाचा साक्षीदार

एकाने कुलूप घडवावे आणि दुसऱ्याने त्याची किल्ली शोधावी, हा व्यवहार मनुष्यजातीस नवा नाही. मोटारगाडीच्या इतिहासात त्याने मोठे चमत्कारिक रूप घेतले आहे. गाडीचा वेग दुरून मोजणारे यंत्र निघाले. त्याच्या पाठोपाठ त्या यंत्राची चाहूल देणारे दुसरे यंत्र निघाले. आणि ते गाडीच्या विजेच्या तारांत कायमचे गुंफून घेण्याची कलाही निपजली. या दुसऱ्या यंत्रास रडारशोधक म्हणतात.

नागपूरकरांस हा विषय आता परका राहिलेला नाही. नागपूर ते शिर्डी हा समृद्धी महामार्गाचा ५२० किलोमीटरांचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला आणि ५ जून २०२५ रोजी ७०१ किलोमीटरांचा संपूर्ण मार्ग पुरा झाला. रस्त्याची आखणी ताशी १५० किलोमीटरांचा वेग गृहीत धरून केलेली आहे. सपाट प्रदेशात मोटारीस परवानगी मात्र १२० ची. या दोन आकड्यांत जे ३० किलोमीटरांचे अंतर आहे, त्यातच साऱ्या मोहाचे मूळ आहे.

हा मोह मोटारीइतकाच जुना होय. इंग्लंडात १९०३ च्या कायद्याने ताशी २० मैलांची मर्यादा घातली. पोलीस रस्त्याचा एक तुकडा मोजून ठेवीत, झुडपाआड दबा धरून बसत आणि हातातील घड्याळाने गाडीस लागलेला वेळ टिपीत. त्यावर उतारा म्हणून १९०५ साली मोटारवाल्यांनी आपली एक संस्था स्थापिली. तिचे सायकलस्वार पुढे पोलीस बसले असल्याचा इशारा येणाऱ्या गाडीस देत. १९१० साली न्यायालयाने असा इशारा गुन्हा ठरविला. तेव्हा संस्थेने युक्ती काढली. तिचे सायकलस्वार सभासदाच्या गाडीस नेहमी सलाम करीत. ज्या दिवशी सलाम होणार नाही, त्या दिवशी सभासदाने थांबून कारण विचारावे! बोलणे गुन्हा ठरेल, पण न केलेल्या सलामावर खटला कोण भरणार? रडारशोधकाचा आद्य पूर्वज हा असा हाडामांसाचा होता.

यंत्राचा जन्म मात्र नभोवाणीच्या पोटी झाला. २६ फेब्रुवारी १९३५ रोजी रॉबर्ट वॉटसन-वॅट यांनी डॅव्हेंट्री येथील नभोवाणी केंद्राच्या लहरी आकाशातील विमानावर आपटून परत येतात, हे प्रयोगाने दाखविले. रडारचा पाया इंग्लंडात तेथे घातला गेला. वेग मोजण्याचे तत्त्व तर त्याहून जुने. ते डॉप्लर यांनी १८४२ साली मांडले होते. आगगाडी जवळ येत असता तिची शिटी चढ्या सुराची वाटते आणि गाडी पुढे निघून जाताच सूर उतरतो, हा अनुभव कोणास नाही? रडारची लहर धावत्या मोटारीवरून परतताना तिचाही सूर असाच बदलतो, आणि त्या फरकावरून वेग कळतो.

या लहरींची पहिली चाहूल घेतली ती समुद्रात. दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांची विमाने रडारच्या साह्याने जर्मन पाणबुड्या हुडकीत. १९४२ साली पाणबुड्यांवर मेटॉक्स नावाचे ग्राहकयंत्र आले. रडारची लहर लक्ष्यावर आपटून परत यावी लागते. शोधकास ती केवळ येताना पकडावयाची असते. म्हणून विमानास पाणबुडी दिसण्याआधी पाणबुडीस विमान कळे. परंतु त्याची लाकडी चौकटीची एरियल हाताने वर न्यावी लागे, तिची तार दारातून आत सोडलेली असे, आणि बुडी मारण्यापूर्वी हे सारे लटांबर आत ओढून घ्यावे लागे. पुढे १९४३ साली दहा सेंटिमीटर लहरींची नवी रडारे आली. त्या लहरी मेटॉक्सला ऐकूच येत नसत. यंत्र मुके राही. खलाशी निर्धास्त राहत, आणि त्यांचा घात होई.

युद्ध संपल्यावर रडार रस्त्यावर आले. १९४० नंतरच्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यात पोलिसांनी ते गाड्यांचा वेग मोजण्यास वापरले. १९७४ साली त्या देशात ताशी ५५ मैलांची मर्यादा सर्वत्र लागू झाली आणि रडारशोधकांचा खप वाढला. व्हर्जिनियासारख्या राज्याने मात्र त्यांस बंदी केली.

हे यंत्र गाडीस जोडता आले, याचे श्रेय आणखी एका इतिहासास आहे. प्रारंभीच्या मोटारींचे दिवे कार्बाइडच्या वायूवर जळत आणि इंजिन हाताने दांडा फिरवून चालू करावे लागे. १९१२ च्या कॅडिलॅक गाडीत चार्ल्स केटरिंग यांनी बॅटरी व डायनामो यांची जोडी बसविली. तेव्हापासून मोटारीच्या पोटात एक लहानसे वीजघरच नांदू लागले. १९३० च्या सुमारास मोटारीतील रेडिओ बाजारात आला. नागपुरात जुलै १९४८ मध्ये नभोवाणी केंद्र सुरू झाले, तोवर ही कला चांगली रुळली होती. रडारशोधक हाही अखेर एक प्रकारचा रेडिओच. तो प्रथम सिगारेट पेटविण्याच्या खोबणीत अडकवीत. पुढे लोंबती तार नको म्हणून थेट जोडणी आली. तिची रीत कोणत्याही उपकरणास लागू पडणारी आहे. एक तार गाडीची किल्ली फिरविल्यावरच जिवंत होणाऱ्या मंडलातून आणि स्वतंत्र लहान फ्यूजमधून घ्यावी. दुसरी गाडीच्या धातूच्या सांगाड्यास घट्ट कसावी. सदैव जिवंत असणारी तार निवडल्यास उभ्या गाडीची बॅटरी हळूहळू रिकामी होते. फ्यूज गाळल्यास तार घासून उघडी पडताच आग लागण्याचे भय असते. दिसावयास क्षुल्लक अशी ही तार सबंध गाडीस घातक ठरू शकते.

एवढा खटाटोप करून महाराष्ट्रात साधावयाचे काय? महामार्ग पोलिसांच्या हाती आता लेसर किरणांची वेगमापके आहेत. लेसरची शलाका अरुंद. ती नेमक्या एकाच गाडीवर पडते. शोधकाने घंटा वाजवावी, तोवर मोजणी आटोपलेली असते. मेटॉक्सची गोष्ट येथे पुन्हा घडते. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर तर २०२४ पासून दोन ठिकाणच्या छायायंत्रांमधील अंतर व वेळ यांवरून सरासरी वेग काढला जातो. म्हणजे झुडपाआडच्या घड्याळवाल्याचेच गणित परत आले. आणि गणिताची चाहूल घेणारे यंत्र अद्याप निघावयाचे आहे.

पण या इतिहासातील सर्वांत ध्यानी घेण्याजोगी गोष्ट कायद्याच्या पुस्तकात आहे. भारताच्या १९३९ च्या मोटार वाहन कायद्याने असे ठरविले की, गाडी बेकायदा वेगाने जात होती असे एकट्या साक्षीदाराचे मत असेल, तर तेवढ्यावर कोणासही दोषी धरू नये. ते मत यांत्रिक साधनाने काढलेल्या अंदाजावर आधारलेले असावे. हे कलम १९८८ च्या कायद्यातही कायम राहिले आणि २०१९ च्या दुरुस्तीने त्यात इलेक्ट्रॉनिक साधनाची भर पडली. याचा अर्थ असा की, ज्या यंत्रास मोटारवाला आपला शत्रू समजतो, ते कायद्याने त्याच्या रक्षणार्थ मागितले होते. एखाद्या शिपायाची नजर, रोष वा लोभ यांवर सामान्य मनुष्याची अब्रू टांगली जाऊ नये, हा त्यामागील हेतू. यंत्रही चुकू शकते. म्हणून ते तपासून घेण्याचा आग्रह नागरिकाने अवश्य धरावा. परंतु साक्षीदाराची उलटतपासणी करणे निराळे आणि साक्षीदार दिसताच तोंड लपविणे निराळे.

१ जुलै २०२३ च्या उत्तररात्री याच समृद्धी महामार्गावर, सिंदखेड राजानजीक, नागपुराहून पुण्यास निघालेली बस पेटून २५ प्रवासी मृत्युमुखी पडले. त्या दुर्घटनेचे खापर एकट्या वेगावर फोडता येणार नाही. पण त्या रात्रीनंतर या रस्त्यास कोणी केवळ डांबर-सिमेंटची पट्टी समजू नये. ताशी १२० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात ३३ मीटर अंतर कापते. १५० च्या वेगाने सुमारे ४२ मीटर, आणि आघाताची शक्ती दीडपटीहून अधिक होते. हा हिशेब कोणत्याही पोलिसाने मांडलेला नाही आणि तो चुकविण्याची चाहूल कोणतेही यंत्र देत नाही. वेगाचा पहिला साक्षीदार प्रत्येक चालकाच्या डोळ्यांसमोर कारखान्यानेच बसवून दिलेला असतो. त्या काट्याकडे पाहावयास वेगळी तार जोडावी लागत नाही.