राजाचा गळ आणि पोराचा गळ

कोल्हापूरच्या शिलाहार गंडरादित्याने मिरज प्रांती ‘गंडसमुद्र’ तलाव बांधविला, हे ताम्रपटावरून आपणांस ठाऊक आहे. त्यातील मासे कोणी व कसे धरले, याविषयी ताम्रपट मुका आहे. त्याच काळचा चालुक्य सम्राट तिसरा सोमेश्वर (इ. स. ११२६–११३८) याने मात्र ‘मानसोल्लासा’त माशांच्या जाती, त्यांची आमिषे व गळ यांचे सविस्तर वर्णन केले आहे.

आमच्याकडील भातखाचरांतला व दलदलीतला चिमुकला डोक मासा श्वासासाठी पाण्यावर येतो. बुडबुडा दिसला, की गांडूळ लावलेला गळ गवताच्या कडेस हलकेच सोडावा, ही खेड्यातल्या पोरांची विद्या. माशाचा स्वभाव ओळखणे, हेच दोहींचे मर्म. राजाची विद्या पोथीत टिकली. पोरांची टिकवणे आमच्याच हाती आहे.