गुमर्सबाखचा डेकार्म

फुटबॉलमध्ये ‘हँडबॉल’ झाला की पंच शिट्टी फुंकतो. जर्मनीत याच नावाच्या खेळाला स्टेडियम भरतात. सात-सात जणांचे संघ, ४० बाय २० मीटरचं मैदान, ६० मिनिटांचा खेळ. बर्लिनच्या माक्स हायझरने १९१७ साली स्त्रियांसाठी त्याचे नियम बांधले. दोन वर्षांनी कार्ल शेलेन्झने ते बदलून खेळ अधिक आडदांड केला आणि पुरुषही त्यात उतरले. सुरुवातीला फुटबॉलच्या मैदानावर अकरा जणांनी खेळायचा हा खेळ पुढे छपराखाली आला. १९६६ साली पश्चिम जर्मनीत इनडोअर हँडबॉलची बुंडेसलिगा सुरू झाली.

या लीगने एक आडवळणाचं गाव मोठं केलं. कोलोनच्या पूर्वेला टेकड्यांत वसलेल्या गुमर्सबाखच्या संघाने १९६७, १९७० आणि १९७१ मध्ये युरोपीय क्लबांचा करंडक जिंकला. मोठ्या सामन्यांना गावातली जागा पुरेना, तेव्हा संघ डॉर्टमुंडच्या वेस्टफालेनहालेत खेळू लागला. संघाचा तारा होता रुमानियातून आलेला हान्सी श्मिट. १९७३ मध्ये त्याच्या जोडीला सारब्रुकनहून एकोणीस वर्षांचा मुलगा आला, योआखिम डेकार्म.

पहिल्याच हंगामात संघाने युरोपीय करंडक पुन्हा आणला आणि १९७४ ते १९७६ अशी सलग तीन वर्षं बुंडेसलिगाही जिंकली. मागच्या फळीतून उंच उडी घेऊन चेंडू फेकणारा डेकार्म आता देशाच्या संघातही हवाहवासा झाला.

मार्च १९७६. कार्ल-मार्क्स-श्टाट या पूर्व जर्मन शहरात दोन जर्मनींची गाठ पडली. पणाला होतं मॉन्ट्रियल ऑलिंपिकचं तिकीट. अगदी शेवटच्या क्षणी यजमानांना सात मीटरवरून पेनल्टीची फेक मिळाली. गोलरक्षक मानफ्रेड होफमानने ती अडवली. पश्चिम जर्मनी सामना ८-११ असा हरली, पण आधीच्या विजयामुळे गोलफरकावर मॉन्ट्रियलला पोचली. तिथे चौथा क्रमांक मिळाला.

दोन वर्षांनी, फेब्रुवारी १९७८ मध्ये डेन्मार्कमधल्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात प्रशिक्षक व्लाडो श्टेन्झेलच्या या तरुण संघाने सोव्हिएत संघाला २०-१९ असं हरवलं. डेकार्म तेव्हा चोवीस वर्षांचा होता.

३० मार्च १९७९ ला गुमर्सबाखचा संघ हंगेरीतल्या तताबान्यात करंडक विजेत्यांच्या स्पर्धेचा उपान्त्य सामना खेळत होता. धावता धावता डेकार्मची प्रतिस्पर्ध्याशी टक्कर झाली आणि त्याचं डोकं जमिनीवर आदळलं. काँक्रीटवर फक्त पातळ आवरण होतं. कवटी फुटली. तो १३१ दिवस बेशुद्ध होता. करंडक त्या वर्षी गुमर्सबाखलाच मिळाला.

शुद्धीवर आल्यावर बोलण्या-चालण्यापासून सगळं नव्याने शिकायचं होतं. सारब्रुकनमधला त्याचा जुना प्रशिक्षक व्हेर्नर ह्युर्टर वर्षानुवर्षं त्याच्याकडून रोज व्यायाम करून घेत राहिला. जर्मन क्रीडा साहाय्य संस्थेने त्याच्या नावाने निधी उभा केला. त्याच्यासोबत विश्वचषक जिंकलेला हायनर ब्रांड २००७ मध्ये प्रशिक्षक म्हणून पुन्हा जगज्जेता झाला. कोलोनमधल्या त्या अंतिम सामन्यात जर्मनीने पोलंडला २९-२४ असं हरवलं आणि खेळाडूंनी ब्रांडसारख्या खोट्या मिशा लावून आनंद साजरा केला.

डेकार्मची आंतरराष्ट्रीय कारकीर्द पंचविसाव्या वर्षीच थांबली: १०४ सामने, ३८१ गोल. पुढे अनेक वर्षांनी तो राहायला परत गेला, तो गुमर्सबाखलाच, जुन्या सोबत्यांच्या जवळ.