ग्रंथालयाच्या पायऱ्यांवरची माणसं

आजच्या विषयाची सुरुवात मी न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयापासून करणार आहे. फिफ्थ अव्हेन्यूवरची ती मोठी इमारत, समोर दोन दगडी सिंह. १९४० च्या दशकात या ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर काही माणसं ठरवून भेटत असत. पायऱ्यांवर बसायला पैसे पडत नाहीत, हा त्या जागेचा मोठा गुण.

ही माणसं शहराच्या उत्तरेला असलेल्या रॉकलंड स्टेट हॉस्पिटल या मनोरुग्णालयातून सुटून आली होती. 'सुटून' हा शब्द मी मुद्दाम वापरतो आहे. त्या काळी अशा रुग्णालयात गेलेला माणूस वर्षानुवर्षं आतच राही. रुग्णालयात असतानाच यांचा एक गट जमला होता. बाहेर आल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आजारापेक्षा दिवस काढणं अवघड आहे. नोकरी नाही, ओळखीपाळखी तुटलेल्या, आणि 'तिकडे होता' हे कुणाला सांगायची सोय नाही. मग त्यांनी गटाला नाव दिलं 'वुई आर नॉट अलोन', म्हणजे 'आपण एकटे नाही'.

पुढे एलिझाबेथ शर्मरहॉर्न यांच्यासारख्या बाईंनी मदत केली आणि १९४८ मध्ये मॅनहॅटनच्या पश्चिम बाजूला, सत्तेचाळिसाव्या रस्त्यावर, एक घर घेतलं गेलं. मागच्या अंगणात कारंजं होतं, म्हणून नाव पडलं 'फाउंटन हाऊस'. मनोविकारशास्त्राचा इतिहास आपण डॉक्टरांच्या नावांनी शिकतो. इथे मात्र आधी रुग्ण आले, तज्ज्ञ मागाहून.

मागाहून आलेला माणूस म्हणजे जॉन बिअर्ड. डॉक्टर नव्हे, समाजकार्यकर्ता. मिशिगनमधल्या एका मोठ्या मनोरुग्णालयात काम करून तो १९५५ मध्ये फाउंटन हाऊसचा संचालक झाला. त्यानं काय केलं ते जरा सावकाश सांगतो, कारण आजच्या व्याख्यानाचा गाभा तिथेच आहे.

त्यानं कामं वाटली. स्वयंपाक, फोन घेणं, टाइप करणं, झाडलोट. आता तुम्ही म्हणाल, यात काय विशेष? विशेष हे, की पगारी माणसं मुद्दाम कमी ठेवली जात. इतकी कमी, की सदस्य आले नाहीत तर दुपारचं जेवणच होणार नाही. ('रुग्ण' हा शब्द तिथे नव्हता, 'सदस्य' म्हणायचं.) म्हणजे कुणाचं मन रमावं म्हणून कांदा चिरायला दिलेला नाही, खरोखरच कांदा चिरायचा बाकी आहे. एखादा सदस्य दोन-चार दिवस दिसला नाही, की फोन जाई, नाहीतर कुणीतरी घरी जाऊन येई. बिअर्डचं म्हणणं असं, की प्रत्येकाला कळलं पाहिजे की ही जागा आपली आहे, आज आपण येणार हे इथे धरलेलं आहे, आणि आपल्यावाचून इथे अडतं.

नोकरीचीही त्यानं अशीच युक्ती काढली. नोकरी कंपनीकडून क्लबनं घ्यायची आणि सदस्यानं काही महिने करायची. तो सदस्य एखाद्या दिवशी जाऊ शकला नाही, तर क्लबमधलं दुसरं कुणीतरी जाऊन ते काम करून येणार. मालकाचं काम अडत नाही आणि आजारी माणसाची नोकरी जात नाही.

आता या घराबाहेर काय चाललं होतं ते पाहू. १९५५ साली अमेरिकेच्या सरकारी मनोरुग्णालयांत सुमारे ५ लाख ५९ हजार माणसं होती. क्लोरप्रोमाझिन हे औषध नुकतंच आलं होतं. ३१ ऑक्टोबर १९६३ रोजी अध्यक्ष केनेडींनी वस्तीपातळीवर मानसिक आरोग्य केंद्रं उभारण्याच्या कायद्यावर सही केली, आणि सुमारे तीन आठवड्यांनी त्यांचा खून झाला. ठरली होती दीड हजार केंद्रं, झाली सुमारे निम्मीच. रुग्णालयं मात्र रिकामी झाली, कारण त्यात पैशाचं गणित होतं. १९६५ ची मेडिकेड योजना मनोरुग्णालयात ठेवलेल्या प्रौढ रुग्णाचा खर्च देत नव्हती. तोच माणूस बाहेर गेला तर राज्य सरकारचा बोजा हलका होई. १९८० पर्यंत आतली संख्या दीड लाखाच्या खाली आली.

बाहेर आलेली माणसं राहत होती स्वस्त एकखणी खोल्यांत. आपल्या गिरणगावात एकटा कामगार खोलीत जागा धरून खानावळीत जेवायचा, तसाच काहीसा प्रकार. न्यूयॉर्कनं १९५५ मध्ये अशा नव्या खोल्यांना बंदी घातली आणि पुढे जुन्या खोल्यांचे चांगले फ्लॅट करणाऱ्या मालकांना करसवलत दिली. एकीकडे माणसं बाहेर येत होती, दुसरीकडे त्यांच्या खोल्या जात होत्या. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस रस्त्यावर झोपलेली माणसं दिसू लागली, तेव्हा लोकांनी खापर फोडलं वेडावर. मला स्वतःला खोल्यांचा हिशेब अधिक पटतो.

१९७९ मध्ये रॉबर्ट हेज या तरुण वकिलानं रॉबर्ट कॅलाहन या बेघर माणसाच्या नावे दावा लावला आणि १९८१ च्या तडजोडीत न्यूयॉर्कनं निवारा देणं मान्य केलं. कॅलाहन स्वतः त्याआधीच रस्त्यावर वारला. मोठा विजय होता, यात शंका नाही. पण निवाऱ्यात मिळते ती रात्रीची खाट. दिवसाचं काय, हा पायऱ्यांवरच्या मंडळींचा जुना प्रश्न तसाच राहिला. उलट बाजूही सांगतो: क्लब म्हणजे घर नव्हे. नुसत्या क्लबनं बेघरपणा गेलेला नाही.

१९७१ मध्ये लाहोरात फाउंटन हाऊस निघालं. मंटोची 'टोबा टेक सिंग' आपण वाचलेली असते, ती याच शहराच्या वेड्यांच्या इस्पितळात घडते. त्याच शहरात असं घरही आहे, हे आपल्याला सहसा ठाऊक नसतं.

महाराष्ट्रात आपण वेगळ्या वाटेनं गेलो. १९५९ च्या मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायद्यात पोटापाण्याचं साधन न दिसता भटकणारा माणूसही भिकारी ठरतो, आणि पहिल्याच खेपेला एक ते तीन वर्षं डांबता येतो. दुसऱ्या बाजूला १९८८ पासून डॉ. भरत आणि डॉ. स्मिता वाटवानी रस्त्यावरच्या मनोरुग्णांना उचलून आणू लागले, बरे करून घरी पोचवू लागले. आता कर्जतला त्यांचं केंद्र आहे, आणि २०१८ मध्ये डॉ. भरत यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा अमलात आला. त्याचं एकोणिसावं कलम म्हणतं, माणसाला घर नाही किंवा घरचे घेत नाहीत, एवढ्याच कारणावरून त्याला रुग्णालयात ठेवता येणार नाही.

न्यूयॉर्कनं जागा उभी केली, आपण घर शोधून देतो. घर सापडलं की आपल्याकडे गोष्ट संपते, फोटो निघतो, बातमी येते. दुसऱ्या दिवशी सकाळी घरचे शेतावर जातात. गावात पार आहे, देवळाचा ओटा आहे, तिथे बसायला कुणी मनाई करत नाही. पण चार दिवस तो पारावर दिसला नाही, तर घरी चौकशीला जाण्याचं काम आपण अजून कुणाकडे दिलेलं नाही.

वेळ होत आली आहे. प्रश्न असतील तर घेऊ.