तैनात करणं सोपं, परत बोलावणं अवघड

मी बोलतोय म्हैसूरच्या जयलक्ष्मीपुरममधून. आजचा विषय एका शब्दाचा आहे आणि तो मला मिळाला तो शेजारच्या घरात.

आमच्या शेजारी एक मराठी कुटुंब राहतं. त्यांची मुलगी सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करते. एका संध्याकाळी ती आईला म्हणाली, "आज रात्री डिप्लॉयमेंट आहे, जेवायला थांबू नकोस." तिचे आजोबा पेपर वाचत बसले होते. ते म्हणाले, "अगं, डिप्लॉयमेंट म्हणजे सैन्य तैनात करणं ना? तुझ्याकडे कुठली पलटण आहे?" सगळे हसले. प्रश्न मात्र माझ्या डोक्यात राहिला. सैन्य तैनात होतं, उपग्रहाचे सौरपंख 'डिप्लॉय' झाले अशी बातमी येते आणि ही मुलगी रात्री जागून प्रोग्रॅम 'डिप्लॉय' करते. या तिन्हींत सारखं काय आहे?

आधी शब्द बघू. इंग्रजी शब्दाचं मूळ फ्रेंचमध्ये आणि त्याच्याही मागे लॅटिनमध्ये आहे. मूळ अर्थ घडी उलगडणं. अठराव्या शतकात युरोपातलं पायदळ रस्त्याने लांबलचक रांगेत चालायचं आणि रणांगणावर आलं की आडवं पसरून लढाईची फळी धरायचं. घडी उलगडावी तसं. त्या हालचालीला हा शब्द चिकटला.

आपला 'तैनात' वेगळ्या वाटेने आला. तो अरबीतून फारसीत आणि फारसीतून मराठीत आला आणि त्याचा अर्थ नेमणूक. पेशवाईच्या कागदांत 'तैनात' म्हणजे नेमणूक आणि त्या नेमणुकीचा पगारही. 'तैनातजाबता' नावाचा कागद असे. सरदाराने किती स्वार बाळगायचे, त्यांच्या खर्चाला कुठला ऐवज लावून दिला आहे, याचा तो तपशील. म्हणजे इंग्रजी शब्द विचारतो, वस्तू उलगडली का? मराठी शब्द विचारतो, नेमलं कोणी, खर्च कोणाचा आणि हुकूम कोणाचा? माझं म्हणणं असं की आपल्या शब्दातले हे प्रश्न जास्त कामाचे आहेत. कसे ते सांगतो.

पहिली गोष्ट इथून अगदी जवळची. आज लोक कृष्णराजसागर धरण आणि वृंदावन बाग बघायला जातात, त्याच भागात कन्नंबाडी हे जुनं गाव होतं. १७९१ सालचा मे महिना. टिपू सुलतानाविरुद्ध इंग्रज, मराठे आणि निजाम एकत्र आले होते. लॉर्ड कॉर्नवॉलिस श्रीरंगपट्टणपर्यंत येऊन पोचला, १५ मे रोजी अरकेऱ्याची लढाई त्याने जिंकलीही. पण पुढे वेढा घालायला हातात काही उरलं नव्हतं. पाऊस लागला, कावेरी फुगली, तोफा ओढणारे बैल मेले, लष्करात धान्य संपलं. कन्नंबाडीला आल्यावर त्याने वेढ्याच्या जड तोफा स्वतःच फोडून टाकल्या. पश्चिमेकडून मदतीला आलेल्या जनरल ॲबरक्रॉम्बीला परत जायला कळवलं आणि २६ मे रोजी बंगळूरकडे माघार सुरू केली.

त्याच दिवशी समोर घोडेस्वार दिसले. इंग्रजांना आधी वाटलं, शत्रूच आला. पण ते मराठे होते. हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या फौजा मेलकोट्याच्या बाजूने येऊन ठेपल्या होत्या. मराठ्यांच्या लष्कराबरोबर भरलेला बाजार होता. त्या बाजारातलं धान्य महागड्या भावाने विकत घेऊन इंग्रजांची उपासमार थांबली. पण तोफा तर फुटून गेल्या होत्या!

एवढी मोठी दोस्त फौज इतक्या जवळ, तरी पत्ता कसा नाही? टिपूच्या हलक्या घोडदळाने मधले जासूद कापून काढले होते. निरोपच पोचत नव्हता. फौज होती, माणसं होती, धान्य होतं आणि तरीही ती मोहीम त्या वर्षी फसली. श्रीरंगपट्टणला पुन्हा यायला फेब्रुवारी १७९२ उजाडला. तैनातीचा पहिला धडा हा असा कन्नंबाडीत मिळतो. जिच्याशी निरोपाची वाट तुटली, ती फौज असून नसल्यासारखी.

दुसरी गोष्ट हुकमाची. 'तैनाती फौज' हे शब्द आपण शाळेत पाठ केलेत. ४ मे १७९९ रोजी श्रीरंगपट्टण पडलं, टिपू मारला गेला. लगेच जुलैमध्ये म्हैसूरच्या वाडियार घराण्याशी इंग्रजांनी तह केला. गादीवरचे कृष्णराज वाडियार तेव्हा लहान मूल होते. राज्याच्या रक्षणासाठी कंपनीची फौज आणि तिच्या खर्चापोटी राज्याने दर वर्षी सात लाख होन द्यायचे.

श्रीरंगपट्टणला तेव्हा इंग्रजांचा अधिकारी कोण होता? आर्थर वेलस्ली. पुढे नेपोलियनला हरवणारा ड्यूक ऑफ वेलिंग्टन तो हाच. ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने वसईला तह केला. सहा हजारांहून कमी नाही इतकं कंपनीचं पायदळ कायमचं ठेवायचं आणि खर्चासाठी २६ लाखांच्या उत्पन्नाचा मुलूख तोडून द्यायचा. मग हाच वेलस्ली मार्च १८०३ मध्ये हरिहरहून निघाला, एप्रिलमध्ये पुण्यात पोचला आणि १३ मे रोजी बाजीराव पुन्हा गादीवर बसला. म्हणजे मंडळी, पुण्यातल्या तैनातीची वाट आमच्या या म्हैसूर मुलखातून गेलेली आहे.

आता तैनातजाबत्याचे प्रश्न या तहाला लावून बघा. फौज कोणासाठी? पेशव्यासाठी. खर्च कोणाचा? पेशव्याचा. हुकूम कोणाचा? कंपनीचा. आणि परत जा म्हणायचा अधिकार? तो पेशव्याकडे नव्हता. याचा हिशेब ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीला झाला. बाजीरावाच्या सैन्यासमोर कर्नल बरच्या हाताखाली ज्या पलटणी उभ्या होत्या, त्यांत तैनाती पलटणीही होत्या. उरलेली तैनाती फौज घेऊन जनरल स्मिथ आला आणि १७ नोव्हेंबरला पुणं इंग्रजांच्या ताब्यात गेलं. ज्याच्या रक्षणाला नेमली, त्याच्यावरच ती उलटली. म्हैसूरची कथा लढाईशिवाय झाली, पण फार वेगळी नाही. १८३१ साली इंग्रजांनी राज्यकारभारच हातात घेतला, तो राजघराण्याला परत मिळायला १८८१ उजाडलं.

आता जरा आकाशाकडे वळू. त्यासाठीही फार लांब जायला नको. इथून शंभर-सव्वाशे किलोमीटरवर हासन आहे. तिथल्या इस्रोच्या केंद्रातून आपले दळणवळणाचे उपग्रह सांभाळले जातात. उपग्रह रॉकेटमध्ये बसावा म्हणून त्याचे सौरपंख, अँटेना सगळं घडी घालून ठेवतात आणि वर गेल्यावर जमिनीवरून हुकूम देऊन ते उलगडायचं. इथे त्या इंग्रजी शब्दाचा जुना अर्थ जसाच्या तसा जिवंत आहे.

१० एप्रिल १९८२ रोजी इन्सॅट-१ए वर गेला. त्याची एक अँटेना अडकली, ती बऱ्याच प्रयत्नांनी मोकळी झाली. पण सौरशीड उलगडलंच नाही. हे शीड कशासाठी? त्या उपग्रहाचा सौरपंख एकाच बाजूला होता. सूर्यप्रकाशाचाही अगदी सूक्ष्म दाब असतो, त्याने उपग्रह कलू नये म्हणून दुसऱ्या बाजूला तोल सांभाळायला हे शीड. तोल राखायचं इंधन संपलं आणि सप्टेंबरमध्ये उपग्रह सोडून द्यावा लागला. पुढच्या वर्षी, ३० ऑगस्ट १९८३ रोजी, इन्सॅट-१बी 'चॅलेंजर' यानातून गेला. त्याचाही सौरपंख अडकला. पण इथे निरोपाची वाट शाबूत होती. खालून पुन्हा पुन्हा प्रयत्न झाले आणि सप्टेंबरच्या मध्यावर पंख उघडला. ऐंशीच्या दशकात गावोगावी दूरदर्शन पोचलं, त्यात या उपग्रहाचा मोठा वाटा आहे. वर माणूस पाठवून बिजागरी ठोकता येत नाही. हातात असतो तो फक्त हुकूम.

आणि आता आपल्या शेजारच्या मुलीचं काम. १९८१ साली पुण्यात सुरू झालेल्या इन्फोसिसचं मोठं प्रशिक्षण केंद्र या म्हैसुरात आहे. महाराष्ट्रातली कितीतरी मुलं इथे येऊन हा शब्द शिकतात. त्यांच्या भाषेत डिप्लॉय म्हणजे तयार केलेला प्रोग्रॅम लोकांच्या खऱ्या वापरात सोडणं.

१ ऑगस्ट २०१२ रोजी अमेरिकेत नाइट कॅपिटल या शेअर व्यवहार करणाऱ्या कंपनीने नवा प्रोग्रॅम आठपैकी सातच सर्व्हरवर चढवला. आठव्यावर जुना राहिला आणि तो भलतेच सौदे करू लागला. घाबरून त्यांनी सातांवरचा नवाही काढला, तर जुना दोष आठही ठिकाणी जागा झाला. ४५ मिनिटांत सुमारे ४४ कोटी डॉलर गेले. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइकच्या एका सदोष अपडेटने जगातले सुमारे ८५ लाख संगणक बंद पाडले. आपल्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास वाटावे लागले. ते अपडेट कंपनीने सव्वा तासात मागे घेतलं होतं. पण बंद पडलेल्या संगणकापर्यंत निरोप पोचणार कसा? एकेका यंत्रापुढे माणूस बसवावा लागला. म्हणजे पुन्हा कन्नंबाडीच.

म्हणून मला वाटतं, तैनाती म्हणजे नुसतं पाठवणं नव्हे. पाठवलेल्या गोष्टीशी आपली दोरी बांधलेली ठेवणं, हे तिचं खरं काम. बाजीरावाने दोरी दुसऱ्याच्या हातात दिली. कॉर्नवॉलिसची दोरी वाटेत तुटली. हासनच्या माणसांनी ती धरून ठेवली आणि पंख उघडला.

त्या रात्री शेजारच्या घरात दिवा उशिरापर्यंत जळत होता. सकाळी आजोबांनी नातीला विचारलं, "काय गं, पलटण पोचली का?" ती म्हणाली, "पोचली. आणि बिघडलं तर परत कशी आणायची, तेही रात्रीच करून बघितलं."

आजोबांनी मान डोलावली. पुढच्या वेळी कोणी काही तैनात करतोय असं म्हणालं, मग ती फौज असो की ॲप, तर तुम्हीही हा एक प्रश्न जरूर विचारा.