किल्लीवरील सही (जीपीजी)
जीपीजी या कूटलेखन साधनात दुसऱ्याच्या सार्वजनिक किल्लीवर सही करणे म्हणजे ही किल्ली याच माणसाची, अशी ग्वाही देणे. माणूस भरवशाचा आहे की नाही, हा प्रश्न वेगळा. म्हणून सहीआधी किल्लीचा 40 अक्षरी ठसा (फिंगरप्रिंट) मालकाकडूनच, शक्यतो समोरासमोर, ताडून घ्यावा. त्याऐवजी किल्लीची आठ अक्षरी लघुओळख पुरेल, असे कोणी म्हणेल; पण 32 बिटांची ती ओळख हुबेहूब जुळणाऱ्या बनावट किल्ल्या 2014 मध्ये ढिगाने बनवून दाखवल्या गेल्या. किल्ली सर्व्हरवरून उतरवली, हाही पुरावा नव्हे: जुन्या एसकेएस किल्ली-सर्व्हरांवर कोणीही कोणाच्याही नावाने किल्ली चढवू शके. जगाला ग्वाही द्यायची नसेल, तर ‘एलसाइन-की’ आज्ञेने केलेली सही आपल्या संगणकापुरतीच राहते.