करंबळ, पाटी आणि पूल टेबल

मराठीत ‘पूल’ म्हटले की आधी नदी आठवते. त्यामुळे नारायणगावजवळ बंगला बांधायला काढलेल्या एका माजी विद्यार्थ्याने फोनवर ‘सर, चांगला पूल कसा ओळखायचा?’ असे विचारले, तेव्हा ग्रामपंचायतीच्या एखाद्या कामाची चौकशी असावी अशीच माझी समजूत झाली. त्याला पूल टेबल हवे होते. २०२३ च्या पावसाळ्यात टोमॅटोचे भाव चढले, जुन्नर-आंबेगावातल्या काही घरांत पैसा आला आणि त्यातून उठलेल्या बंगल्यांपैकी हा एक. वरच्या मजल्यावर पंधरा बाय बाराची ‘खेळाची खोली’ काढली होती. दुकानदार लाकडाचा रंग आणि पायांचे नक्षीकाम दाखवीत होता. मराठीच्या मास्तराने यात काय सांगावे? पण प्रश्न डोक्यात राहिला आणि शोध घेता घेता असे दिसले की, दुकानदाराने द्यायला हवे होते ते उत्तर या टेबलाच्या इतिहासात पडलेले आहे.

सुरुवात अर्थातच शब्दापासून. आपल्या घरांत कॅरम आहे. ‘कॅरम’ हा शब्द बिलियर्डच्या परिभाषेतला. एका चेंडूने दुसऱ्या दोन चेंडूंना पाठोपाठ स्पर्श करणे म्हणजे कॅरम. त्याचे मूळ रूप फ्रेंचमध्ये ‘काराम्बोल’, स्पॅनिशमध्ये ‘काराम्बोला’, आणि या नावाने बिलियर्डमधला तांबडा चेंडूही ओळखला जाई. पोर्तुगीजमध्ये ‘काराम्बोला’ हे एका फळाचे नाव आहे. कापले की चांदणीसारखे दिसणारे आंबट फळ, म्हणजे आपले करंबळ. गार्सिया द ओर्ताने १५६३ साली गोव्यात छापलेल्या आपल्या वनस्पतिविषयक संवादग्रंथात या फळाची चर्चा केली आहे. पोर्तुगीज शब्द मराठी ‘करंबळ’वरून आला, असे इंग्रजी कोशकार नोंदवतात. फळाचा आणि चेंडूचा संबंध काही कोश मान्य करतात, काही ‘बहुधा’ म्हणून थांबतात. तो धरला, तर कोकणपट्टीतला एक शब्द गलबतावर चढून युरोपात गेला, हिरव्या कापडावर घरंगळला आणि कॅरम होऊन आपल्या माजघरात परत आला. व्युत्पत्तीच्या तासाला याहून चांगले उदाहरण मला तरी मिळालेले नाही.

‘पूल’चे कूळ मात्र फ्रेंच. मूळ शब्दाचा अर्थ कोंबडी, आणि त्यावरून खेळात सर्वांनी मिळून लावलेला पण. अमेरिकेत ज्या अड्ड्यांवर शर्यतींच्या पैजांचा पैसा एकत्र केला जाई, तिथे वेळ काढण्यासाठी बिलियर्डची टेबले ठेवलेली असत. पैजेचे नाव टेबलाला चिकटले. आजही घरात पूल टेबल आणायचे म्हटले की वडीलधारी माणसे जी नापसंती दाखवतात, तिचे मूळ या नावात आहे.

टेबलाचा जन्म मात्र हिरवळीवरचा. पंधराव्या शतकात युरोपातला मैदानावरचा चेंडूचा खेळ घरात आला आणि गवताची आठवण म्हणून कापड हिरवे राहिले. फ्रान्सचा अकरावा लुई याच्यासाठी १४७० च्या सुमारास असे टेबल बनल्याचा उल्लेख मिळतो. पुढची साडेतीनशे वर्षे टेबलाचा पृष्ठभाग बहुतांशी लाकडाचाच होता. लाकूड ऋतूप्रमाणे फुगते आणि आक्रसते. राजाचे टेबल असो की खानावळीतले, पावसाळ्यात चेंडू आपल्या मर्जीने वळे. १८२६ साली लंडनच्या जॉन थर्स्टनने लाकडाऐवजी स्लेटचा दगड बसवला. १८३५ मध्ये त्याने कडेच्या गाद्यांत रबर घातले. पण थंडीत रबर दगडासारखे होई आणि खेळण्यापूर्वी गरम पाण्याची भांडी लावून ते शेकावे लागे. गंधक घालून पक्के केलेले रबर आल्यावर, १८४५ च्या त्याच्या पेटंटनंतर, ही अडचण संपली. चेंडू तेव्हा हस्तिदंती असत. एका सुळ्यातून मोजकेच चांगले चेंडू निघत, म्हणून १८६३ मध्ये न्यूयॉर्कच्या एका उत्पादकाने पर्याय शोधणाऱ्याला दहा हजार डॉलरचे बक्षीस जाहीर केले. जॉन हायटचे सेल्युलॉइड त्यातूनच पुढे आले. एका खेळापायी प्लास्टिकचे युग उघडले म्हणायचे, आणि थोडे हत्तीही वाचले. आजचे चांगले चेंडू फिनॉलिक रेझिनचे असतात.

हा स्लेटचा दगड म्हणजे आपली पाटी. ज्या दगडावर तीन पिढ्यांनी ‘श्री’ गिरवला, दसऱ्याला ज्यावर सरस्वती काढून फुले वाहिली, तोच दगड कापडाखाली दडलेला असतो. आपल्याकडे लिहिण्याच्या पाट्यांसाठी आंध्रातले मार्कापूर प्रसिद्ध. टेबलासाठीचा दगड पूर्वी वेल्समधून येई, आज तो इटली, ब्राझील आणि चीनमधून येतो. गाळाची माती भूगर्भात दाबली जाऊन तो बनतो आणि म्हणून पातळ, सपाट थरांनी सुटतो. दख्खनचा काळा पाषाण असा सुटत नाही. तो लाव्ह्याचा, त्याला छिन्नीच लागते. पण त्या छिन्नीने जुन्नरला काय केले आहे ते पाहण्यासारखे आहे. लेण्याद्रीला गिरिजात्मजाचे देऊळ ज्या विहारात आहे, त्याचा मंडप लांबीरुंदीला पन्नासेक फूट असून मध्ये एकही खांब नाही. नाणेघाटातल्या खडकावर खळग्यांच्या ओळी कोरलेल्या आढळतात. खळग्यांत बिया टाकत पुढे जाण्याच्या खेळाचे हे पट, असे अभ्यासक मानतात. जकातीच्या रांगेत तांडा थांबला असेल, तेव्हा कोणी तरी दगडालाच खेळाचे टेबल केले असेल. खेळाला दगडाची बैठक देणे या तालुक्याला नवे नाही.

भारतात हे टेबल आले ते छावण्यांतून. पुण्यात, खडकीत, जिथे जिथे पलटण तिथे मेस, आणि मेस तिथे बिलियर्ड. १८७५ साली जबलपूरच्या मेसमध्ये नेव्हिल चेंबरलेन या तरुण अधिकाऱ्याने, पावसाळी दुपारी खेळल्या जाणाऱ्या ‘ब्लॅक पूल’मध्ये आणखी रंगीत चेंडू मिसळले. नवख्या कॅडेटला सैनिकी बोलीत ‘स्नूकर’ म्हणत. एका चुकलेल्या फटक्यावर तो शब्द उच्चारला गेला आणि खेळाचे नाव झाला. १९३८ साली चेंबरलेनने स्वतःच पत्र लिहून ही हकीकत प्रसिद्ध केली. म्हणजे स्नूकर हे पूलचे भारतात जन्मलेले अपत्य.

या सगळ्या कथेत एक माणूस कायम टेबलाशेजारी उभा आहे आणि त्याचे नाव कुठेच नाही. तो मार्कर. गुण मांडणे, चेंडू पुन्हा जागी ठेवणे, कापड घासणे, क्यूच्या टोकाला चामडे बसवणे ही त्याची कामे. साहेबाला जोडीदार मिळाला नाही की त्याच्याशी खेळणेही त्याच्याच वाट्याला येई. टेबलावर बनवणाऱ्या कंपनीची पितळी पट्टी असते. क्लबाच्या भिंतीवर अध्यक्षांची यादी असते. मार्करला फलक नसतो. जुन्नरच्या लेण्यांत बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणींचे उल्लेख दोन हजार वर्षे टिकले आहेत, इरिल नावाच्या यवनाने दिलेल्या पाण्याच्या टाक्यांचा लेख आहे. त्यामानाने आमचे क्लब फार विसराळू निघाले.

तरी खेळ छावणीच्या भिंतीआड राहिला नाही. पुण्यात १९२२ मध्ये जन्मलेला विल्सन जोन्स १९५८ साली कलकत्त्यात जागतिक हौशी बिलियर्ड विजेता झाला आणि वैयक्तिक खेळात जागतिक विजेतेपद मिळवणारा पहिला भारतीय म्हणून त्याची नोंद झाली. १९६४ मध्ये न्यूझीलंडला त्याने ते पुन्हा जिंकले. मुंबईच्या मायकेल फरेराने १९७७, १९८१ आणि १९८३ असे तीनदा हेच विजेतेपद घेतले. पंकज अडवाणीचा जन्मही पुण्याचाच, १९८५ चा, जरी तो घडला बंगळुरूत. इतके असून मराठी घरात या खेळाची ओळख अजून हिंदी चित्रपटातल्या श्रीमंत बापाच्या दिवाणखान्यापलीकडे फारशी गेलेली नाही. दिवाणखान्यातले ते टेबल दाखवण्यासाठी असते, आणि माझ्या विद्यार्थ्याचा दुकानदार नेमके तसलेच टेबल विकत होता.

म्हणून मी त्याला उलट्या बाजूने पाहायला सांगितले. ‘अरे, आधी खाली वाक. पाय आणि रंग नंतर. कापडाखाली काय आहे ते विचार.’ भुसा दाबून केलेल्या फळीचे टेबल स्वस्त पडते. पण भीमाशंकराकडून येणारा चार महिन्यांचा ओलावा तिला फुगवतो, आणि आपण पुन्हा १८२६ च्या आधी जाऊन पोचतो. स्लेट साधारण एक इंच जाडीची, तीन तुकड्यांत असावी. एकसंध शिळा जिन्यावरून चढत नाही. जोडांत मधमाशीचे मेण भरून ते खरवडून सपाट करतात. कापड लोकरीचे हवे. गाद्यांचे रबर निर्जीव आहे का, हे एक चेंडू जोरात मारून कळते. टेबल कललेले आहे का, हे अगदी हळू सोडलेला चेंडू सांगतो. जोराचा चेंडू कल लपवतो, ही गोष्ट मला विशेष आवडली.

मग खोली. चेंडू गादीला चिकटलेला असला तरी मागे काठी पुरली पाहिजे, म्हणून खेळाच्या जागेच्या लांबीत आणि रुंदीत प्रत्येकी दोन काठ्या मिळवायच्या. काठी ५८ इंचांची. आठ फुटी टेबलाची खेळाची जागा ८८ बाय ४४ इंच, म्हणजे खोली १७ फूट बाय १३ फूट ४ इंच. सात फुटी टेबलालाही १६ बाय १३ च्या आसपास लागते. त्याच्या पंधरा बाय बाराच्या खोलीत आखूड काठ्या वापरूनच खेळता आले असते. शिवाय अडीचशे किलोच्या घरातला नुसता दगड, त्यावर लाकूड आणि माणसे, हा भार वरच्या स्लॅबवर टाकण्यापूर्वी अभियंत्याला विचारायला हवे होते.

अखेर टेबल तळमजल्यावर गेले, टोमॅटोचे क्रेट ठेवण्यासाठी काढलेल्या अठरा बाय चौदाच्या खोलीत. बसवणारे कारागीर पुण्याहून आले. त्यांची पातळी पाहण्याची पद्धत गावच्या गवंड्याला पटेना, म्हणून त्याने आपली पाणसळ आणून तिन्ही तुकड्यांवर फिरवली. उघड्या दगडावर त्याने हात फिरवला आणि म्हणाला, ‘ही तर पाटी आहे.’

मी गेलो त्या संध्याकाळी घरातली मुले खेळत होती आणि ड्रायव्हरचा मुलगा खडू घेऊन भिंतीवर गुण मांडत होता. मी विद्यार्थ्याकडे पाहिले. त्याला मार्करची गोष्ट मी फोनवर सांगितली होती. त्याने स्वतःचा क्यू त्या मुलाच्या हातात दिला. मुलगा सवयीने कॅरमसारखा कडेला वाकला आणि चेंडूवर टिचकी मारायला बोट वळवले. सगळे हसले. मग त्याने क्यू नीट धरला आणि कोन मात्र कॅरमचाच घेतला.