तळटीप १४ : कांपुंग

१४. कांपुंग : इंडोनेशियन भाषेत गाव, वाडी. सरकारी कागदांत गावाला ‘देसा’ म्हणतात (हा शब्द संस्कृत ‘देश’वरून गेलेला), पण परमुलखात राहणाऱ्याच्या तोंडी येतं ते कांपुंगच. जावातल्या अशा गावात भातखाचरं, छोटी मशीद, निवडून आलेला गावप्रमुख आणि ‘गोतोंग रोयोंग’, म्हणजे एकमेकांच्या कामाला बिनमजुरी हात लावण्याची रीत. आपल्या इर्जिकेची ही सख्खी बहीण. जमीन थोडी आणि वाटेकरी फार, म्हणून १९८०च्या दशकापासून तिथल्या हजारो बायका घरकामासाठी सौदीत येऊ लागल्या. अबकैकच्या तेलवसाहतीत लेखकाला भेटलेली बाई त्यांपैकीच. विटांचं पक्कं घर ही गावात सौदीच्या पैशाची खूण. ती ‘मुदिक’ म्हणते ते ईदेला गावी परतणं. गणपतीला निघालेला चाकरमानी ज्याने पाहिलाय, त्याला आणखी सांगायला नको. इंडोनेशियाने २०११मध्ये सौदीला घरकामगार पाठवणं थांबवलं. हा प्रसंग त्याआधीचा आहे.